आठ घंटे, आरामात!

सूर्यनारायणाविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. भंडारा जिल्ह्यात राहून त्याच्याशी वैर धरायची माझी छाती नाही. नवतपात तो आमच्याकडे असा मुक्कामाला येतो, की टाकीचं पाणी न तापवता चटके देतं आणि कूलर बंद असेल तर जावईसुद्धा जेवायला थांबत नाही. माझं भांडण आहे ते हा सूर्य आणि त्याच्या जोडीला बॅटरी विकत फिरणाऱ्या मंडळींशी. त्यातही त्यांच्या एका लाडक्या शब्दाशी.

"भाऊ, बॅकअप किती देईल?"

"आठ घंटे. आरामात!"

दुधाला लिटर आहे, कापडाला मीटर आहे, पण बॅटरीला 'आरामात' हे माप कोणी लावून दिलं? आमचा जिल्हा खरं तर मोजून घेणाऱ्यांचा. भंडाऱ्याच्या बाजारात पितळेचा गुंड घेणारी बाई आधी टिचकी मारून तो वाजवते, मग तराजूवर चढवायला लावते. शेतकरी सरकारी केंद्रावर धान नेतो, तेव्हा 17 टक्क्यांच्या वर ओल निघाली की माल नापास. असा ओलीचा टक्का मोजून देणारा माणूस बॅटरी घेताना मात्र नुसत्या 'आरामात'वर नोटा काढून देतो!

चला, आपणच मोजू. गणित चौथीचं आहे. बॅटरीवर लिहिलेलं असतं 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास. गुणाकार करा, 1800 वॅट-तास झाले. त्यातला पाचवा-सहावा हिस्सा इन्व्हर्टर स्वतःच खातो. उरले साधारण दीड हजार. साधे दोन पंखे आणि दोन बल्ब लावून गपचूप बसलात, तर नव्या बॅटरीवर आठ तास निघतात. म्हणजे विकणारा खोटं बोलत नाही. पण आमच्याकडे मे महिन्यात दोन पंख्यांवर कोण बसतो हो? कूलर लागतो, टीव्ही लागतो, आतल्या खोलीत परीक्षेला बसलेल्या पोराचा पंखा लागतो. भार 400 वॅटवर गेला की भागाकार सरळ पावणेचार तासांवर येतो.

तेवढेही मिळत नाहीत. त्या 150च्या शेजारी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'सी-20' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की ही बॅटरी 20 तासांत हळूहळू, साडेसात अँपिअरनं रिकामी केलीत तरच 150. घाईघाईनं ओढलीत तर ती कमी देते. 400 वॅटला तर चाळीसेक अँपिअर ओढावे लागतात. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी दरवेळी तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. राहिले अडीच-तीन तास. बरं, तिला आपण ठेवतो कुठे? जिन्याखाली, बिनखिडकीच्या कोंदटात, 45 अंशांत. 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. हे विकणाऱ्यानं कधी सांगितल्याचं आठवतंय?

ही झाली जिन्याखालची गोष्ट. आता छपरावर चढू. 2024च्या फेब्रुवारीत केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान. योजना चांगली आहे. तीन किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीनं रोज बारा-एक युनिट देतात आणि बिल धपकन खाली येतं. पण पॅनेल विकताना सांगतात काय, तर "आपल्याकडं ऊनच ऊन, मे महिन्यात तर वीज नुसती धो-धो!" पॅनेलच्या अंगावरचा आकडा 25 अंशांवर मोजलेला असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्का वीज गळते. सूर्य पॅनेलला मानवतो, उकाडा मानवत नाही. अगदी माणसासारखंच.

एवढंही मी पोटात घातलं असतं. पण शेजारच्या गुरुजींचं जे झालं ते घालवत नाही. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून छपरावर सौर बसवलं. काकूंना दमा आहे, वाफेचं यंत्र चालू राहावं, एवढीच इच्छा. आता पश्चिमेला मौद्याचं 2320 मेगावॅटचं वीजकेंद्र, पूर्वेला तिरोड्याचं 3300 मेगावॅटचं, आणि मध्ये आम्ही. तरी लाईन जायला चिंचेची एक फांदी पुरते. तशी ती एका दुपारी वावटळीत पडली. गुरुजी छपरावर जाऊन पाहून आले. सूर्य जागेवर, पॅनेल जागेवर, चकाकतायत. घरात मात्र सगळं बंद, आणि काकू धापा टाकतायत. फोन लावला.

"लाईन गेल्यावर हे बंदच राहते जी."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही ना जी!"

आता बोला! यंत्राचा यात दोष नाही, उलट यंत्र शहाणं आहे. लाईन गेल्यावरही छपरावरची वीज तारेत जात राहिली, तर खांबावर चढलेला वायरमन हकनाक जाईल. म्हणून ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर लाईन गेली की आपणहून बंद होतो. लाईन नसतानाही वीज हवी, तर बॅटरी आणि ती सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. अनुदान छपरावरच्या किलोवॅटवर मिळतं. बॅटरी आपल्या खिशातून. हे सगळं कळायला दोन मिनिटं पुरतात. पण ती सहीच्या आधीची दोन मिनिटं हवीत, काकूंच्या उशाशी बसून नव्हे.

विकणारे म्हणतात, "गिऱ्हाइकाला एवढं कुठं समजते?" अहो, खताच्या पोत्यावरचा नत्र-स्फुरद-पालाशचा आकडा वाचून ज्यानं चार एकर पिकवलं, त्याला वॅट आणि तास समजणार नाहीत? न समजणं आणि न सांगणं यांत फरक आहे, आणि त्या फरकावरच यांचा नफा उभा आहे.

तेव्हा मंडळी, यापुढे कोणी 'आरामात' म्हणालं, की वही पुढे करा. किती वॅटला किती तास, तीन वर्षं वापरून झाल्यावर किती, आणि लाईन गेल्यावर घरात दिवा लागेल की नाही, हे त्याच्याच अक्षरात लिहून सही घ्या. मग मेन स्विच खाली करा, कूलर लावा आणि त्याला शेजारी बसवा. चहा द्या, चिवडा द्या, आदरातिथ्यात कसूर नको. कूलर थांबेपर्यंत मात्र त्याला उठू देऊ नका. आठ घंटे बसला तर पैसे मोजून द्या. आरामात!