कालचा शिष्य, आजचा गुरु

पंतोजींच्या शाळेंत थोरला मुलगा धाकट्याचा हात धरून धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेई. ही रीत आपल्याकडे इतकी परिचित, कीं तिचें कोणास कौतुक वाटलें नाहीं. मद्रासेस अनाथ मुलांच्या शाळेवर असलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्यानें मात्र अशीच रीत आपल्या शाळेंत चालवून १७९७ मध्यें तिजविषयीं पुस्तक लिहिलें, व ‘मद्रास पद्धति’ या नांवानें ती इंग्लंडांत रूढ झाली. तिचें तत्त्व एवढेंच, कीं जो नुकताच शिकला, तो शिकणाऱ्याची अडचण अधिक चांगली जाणतो. आज अमेरिकेंत नवे नागरिक हे नागरिकत्वाच्या उमेदवारांचे शिक्षक होत आहेत, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. ज्यांचीं मुलेंबाळें त्या देशीं राहतात अशीं अनेक घरें आमच्या वाचकांत असल्यामुळें हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

एकेकाळीं तें दार आपणांस बंदच होतें. हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नव्हे, म्हणून तो नागरिक होण्यास अपात्र, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२३ मध्यें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत दिला. १९४६ च्या कायद्यानें तो अडसर निघाला. आतां सामान्यतः पांच वर्षें कायम रहिवासी राहिलेल्या मनुष्यास अर्ज करितां येतो. मग मुलाखत होते, आणि तींत इंग्रजीची व त्या देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था यांच्या ज्ञानाची परीक्षा घेतात. आजचा अडसर वर्णाचा नाहीं. तो भाषेचा आणि भीतीचा आहे.

आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्री न्यू जर्सींत मुलाकडे असतात. वय साठीचें, वास्तव्य सहा वर्षांचें. इतिहासाचीं प्रश्नोत्तरें त्यांना विष्णुसहस्रनामासारखीं मुखोद्गत होतीं. परंतु अधिकाऱ्यानें अर्जांतील प्रश्न विचारण्यास आरंभ केला, तेव्हां न समजलेल्या प्रत्येक प्रश्नास त्यांनीं मर्यादेनें मान लववून ‘हो’ म्हटलें. साहेबास ‘नाहीं’ कसें म्हणावें, हा आपला जुना संकोच! ‘सरकारी अधिकाऱ्यास कधीं खोटी माहिती दिली आहे काय?’ यासही होकारच. अधिकारी समंजस होता. त्यानें इंग्रजी अपुरें ठरवून नियमाप्रमाणें ६० ते ९० दिवसांच्या आंत पुन्हां बोलाविलें.

मुलगा विद्वान; पण आईचें अडतें कोठें, तें त्याला कळेना. तें कळलें शेजारच्या व्हिएतनामी बाईंना. त्या दोनच वर्षांपूर्वीं नागरिक झालेल्या. दोघींची समाईक भाषा मोडकें इंग्रजीच. बाईंनीं पुस्तक मिटविलें आणि प्रथम एकच वाक्य शिकविलें: ‘मला समजलें नाहीं, कृपा करून पुन्हां सांगा.’ असें म्हणण्याची परीक्षेंत मुभा असते, हें त्या माउलीला कोणीं सांगितलेंच नव्हतें. दुसऱ्या खेपेस त्या उत्तीर्ण झाल्या.

ही युक्ति त्या बाईंना आपोआप सुचली नव्हती. सार्वजनिक वाचनालयांत स्वयंसेवक शिक्षकांना तयार करण्याचा वर्ग असतो, तेथें त्या शिकल्या होत्या. आमच्या मतें खरें मर्म येथेंच आहे. अनुभव हें भांडवल खरें, पण तें शिळें होतें. ज्यांनीं जुनी परीक्षा दिली त्यांच्यासाठीं १०० प्रश्नांची यादी होती. १० विचारीत व ६ बरोबर यावे लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणारांस यादी १२८ प्रश्नांची आहे. २० विचारतात व १२ बरोबर यावे लागतात. ‘मला हें विचारलें नाहीं, तुम्हांलाही विचारणार नाहींत’ असें सांगणारा हितचिंतक म्हणूनच घातक होय. वर्गांत त्याला आपली कथा बाजूस ठेवून चालू नियम पाहण्याची संवय लावितात. खोटी मुलाखत कशी घ्यावी, अर्जांतील ‘शपथ’, ‘निष्ठा’ यांसारखे अवघड शब्द सोप्या शब्दांत कसे उकलावे, उत्तर येईपर्यंत गप्प कसें बसावें, हेंही शिकवितात. घाईनें उत्तर पुरविणारा शिक्षक शिष्याचा आत्मविश्वासच हिरावून घेतो.

आणखी एक मर्यादा त्याला घालून दिलेली असते. विद्यार्थ्यानें पूर्वीं झालेली अटक, थकलेला कर किंवा परदेशांतील दीर्घ मुक्काम यांविषयीं सल्ला मागितला, तर शिक्षकानें तो देऊं नये. वकिलाकडे किंवा सरकारमान्य प्रतिनिधीकडे पाठवावें. प्रेमानें दिलेला चुकीचा सल्ला कुटुंबाची ताटातूट करूं शकतो. आपल्या घरांत औषधापासून मुहूर्तापर्यंत सल्ला देण्यास कोणी मागें राहत नाहीं, म्हणून हें विशेष लक्षांत ठेवावें.

ज्या कुटुंबांत वडील माणसें या परीक्षेस बसणार आहेत, तेथें नातवंडांनीं रोज रात्रीं जेवणानंतर घटकाभर अधिकारी व्हावें, आणि आजीआजोबांकडून ‘समजलें नाहीं’ हें वाक्य निःसंकोच म्हणवून घ्यावें. आणि जे उत्तीर्ण झाले असतील, त्यांनीं प्रमाणपत्र कपाटांत ठेवून स्वस्थ न बसतां रीतसर शिकून आणखी एकाला तयार करावें. तो मराठीच असावा असा आग्रह नको. त्या व्हिएतनामी बाईंनीं तो धरला नाहीं.