ब्रेक ‘ऑप्शनल’ नसतो

माझा एक मामेभाऊ भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. परवा त्याचा फोन. “अरे, हेलिकॉप्टरची ट्रॉली करायचीय. शनिवारी ये, तुझं ते कॅड-बिड घेऊन.” आपण काय, एका पायावर तयार!

हेलिकॉप्टर होतं रॉबिन्सन आर-४४. याला चाकं नसतात, खाली दोन आडव्या नळ्या असतात. त्यांना स्किड म्हणतात. हँगरमध्ये न्यायचं तर एक मार्ग असा, की दोन्ही स्किडना छोटी चाकं अडकवायची, दांडा दाबून ते उचलायचं, शेपटीकडे एकाने तोल धरायचा आणि ढकलायचं. दुसरा मार्ग म्हणजे सपाट गाडा. हेलिकॉप्टर थेट त्यावरच उतरवायचं आणि गाडा आत न्यायचा. गिऱ्हाइकाला गाडा हवा होता. माणसं कमी लागतात ना!

मी रात्री बसून डिझाइन केलं. मोटर, ब्लूटूथ, मोबाईलवर अ‍ॅप, सगळं. दादाने पाहिलं आणि तीनच प्रश्न विचारले.

“रोटरचं टोपरं जमिनीपासून जवळजवळ सव्वातीन मीटर. गाड्याची उंची वर मिळवून हँगरचं दार मोजलंस का? दाराच्या रुळाच्या खाचेत तुझी ही छोटी चाकं अडकणार नाहीत का? आणि ब्रेक कुठाय?”

मी गप्प.

हँगरबाहेरच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार ठेवतात. समजा, पन्नासाला एक. पूर्ण भरलेलं आर-४४ रेव्हन २ म्हणजे ११३४ किलो. उताराकडे साधारण २३ किलोचा जोर. उभा गाडा एक माणूस धरून ठेवेल, पण एकदा सुटलेला टनभर ऐवज त्याच्याने थांबणार नाही. शेपटीचा पंखा दारावर आपटला, कुणी बोललं नाही आणि सकाळी कुणी तेच घेऊन उडालं तर?

म्हणून ब्रेक असा हवा, की स्प्रिंगने कायम लागलेला असेल आणि हँडल दाबून धरलं तरच सुटेल. हात निसटला, गाडा थांबला. लोकलमध्ये साखळी ओढली की पाइपमधली हवा जाते आणि ब्रेक लागतात, तेच तत्त्व. माझ्या अ‍ॅपमध्ये उलटं होतं. सिग्नल मिळाला तर ब्रेक लागणार, आणि सिग्नल गेला तर? राम राम!

गिऱ्हाइकाचं म्हणणं, “ब्रेक ऑप्शनलमध्ये टाका, तूर्त लाकडी ठोकळे लावू.” दादाने नवं कोटेशन पाठवलं. त्यात ब्रेकची वेगळी ओळच नाही, किंमत गाड्यातच धरलेली. ऑर्डर गेली तर जाऊ दे म्हणाला.

मला हे शंभर टक्के पटलं. आपणही सिक्युरिटी, बॅकअप वगैरे ‘फेज टू’मध्ये ढकलतो आणि ती फेज कधीच येत नाही. गिऱ्हाईक पैसे वाचवायला बघणारच, त्यात त्याची चूक नाही. पण जे काढलं की वस्तू धोकादायक होते, ते काढायचा पर्याय त्याच्यापुढे ठेवणं ही आपली चूक.

असो. ऑर्डरचं अजून कळलेलं नाही. माझं अ‍ॅप मात्र रिजेक्ट झालंय!