स्टार पाहून जनरेटर घेऊ नका

मा. संपादक,


पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी घरात असेल तर हाताने उचलून नेता येईल एवढ्या पेट्रोल जनरेटरवरही तो चालतो, असा सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. चालतो, यात वाद नाही. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम पाच-सहापट करंट ओढतो आणि छोटा जनरेटर तिथेच मान टाकतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे तो झटका बसत नाही. लेखातले एवढे बरोबर आहे. माझे आयुष्य वायरिंगच्या ठेक्यांत गेले आणि मी अकोल्यात राहतो, त्यामुळे मे महिन्यात रात्री वीज गेल्यावर माणूस काय काय करायला तयार होतो तेही ठाऊक आहे. म्हणूनच पुढचे लिहिणे भाग आहे.

स्टार सांगतात ते वर्षाचे. १६०० तास एसी चालला, बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान फिरत राहिले, तर एकूण किती युनिटे लागतील, याचा तो हिशेब. (४३ अंशांना आमच्याकडे कुणी बातमीतही घेत नाही.) जनरेटरला वर्षाशी देणेघेणे नसते. त्याला या क्षणाला किती वॉट ओढले जातात तेवढेच कळते. एसीच्या पाटीवरचे नेहमीचे वॉट हे बाहेर ३५ अंश असतानाचे असतात. बाहेर ४५-४६ झाले की तोच एसी जास्त वीज ओढतो आणि गारवा मात्र कमी देतो. तापलेल्या विरळ हवेत पेट्रोल इंजिनाची ताकदही थोडी उतरते. म्हणजे गरज चढते आणि पुरवठा घटतो, तेही एकाच दुपारी. त्यात विक्रेता जनरेटरचा मोठा आकडा सांगतो तो ‘कमाल’, काही मिनिटांपुरता. सतत पेलायचा ‘रेटेड’ आकडा खाली बारीक अक्षरात असतो. दीड टनाचा एसी ‘दोन केव्हीए’वर चालेल असे दुकानात सर्रास सांगतात. एसीच्या पाटीवरचा कमाल करंट पाहा, २३० ने गुणा आणि मग त्या दोन केव्हीएकडे पुन्हा एकदा बघा.

बचतीचा मुद्दा तर आणखी गमतीचा आहे. खोली गार झाली की इन्व्हर्टर एसी तीन-चारशे वॉटवर येतो. त्याचे सगळे कौतुक यासाठीच. पण साध्या जनरेटरला ५० हर्ट्झ राखायचे असल्याने तो मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच धावतो, लोड असो वा नसो. एसी वाचवतो आणि जनरेटर ते पिऊन टाकतो. लोडप्रमाणे वेग कमी करणारे जनरेटर मिळतात, आवाजही कमी करतात, पण त्यांची किंमत ऐकल्यावर बहुतेक गिऱ्हाइके साध्याकडेच वळतात. एक लिटर पेट्रोलात छोट्या जनरेटरमधून दीड-दोन युनिटांपलीकडे सहसा काही निघत नाही. पेट्रोल शंभरीच्या वर आहे. म्हणजे युनिट पन्नास ते सत्तर रुपयांना पडले. या भावाने वीज घेऊन स्लॅबखालची बंद खोली २० अंशांवर नेणाऱ्याला काटकसरी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

पैशाचे सोडा, ज्याचे त्याचे आहे. माझा खरा राग आहे तो लेखात धुराबद्दल अर्धी ओळही नव्हती याचा. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. एसी लावायचा म्हणजे दारे-खिडक्या बंद, माणसे झोपलेली आणि जनरेटर बहुतेक वेळा गॅलरीत किंवा जिन्याखाली, कारण बाहेर ठेवला तर चोरीची भीती. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, हे दुकानदाराचे म्हणणे खरे. पण दाराखालची फट घेते. या विषबाधेत आधी डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. वऱ्हाडात मे महिन्यात ही लक्षणे कुणी सांगितली तर घरचे काय म्हणतील? ऊन लागले. कांद्याचा रस चोळतील, पन्हे देतील आणि त्याच खोलीत निजवून एसी आणखी वाढवतील. अमेरिकेत लुइझियानात २०२० साली लॉरा वादळानंतर वीज गेली तेव्हा घरोघरी जनरेटर लागले, आणि वादळातून वाचलेली माणसे त्यांच्या धुराने गेली. तिथली सुरक्षा यंत्रणा जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवायला सांगते. नुसती खिडकी उघडणे पुरत नाही. फ्लॅटमध्ये वीस फूट कुठून आणणार, हा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता.

दुसरी गोष्ट याहून वाईट, कारण तिच्यात मरणारा माणूस भलताच असतो. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला, दुसरे भिंतीतल्या सॉकेटला, की सगळ्या घरात उजेड. मेन स्विच पाडायचा राहिला तर ती वीज उलटी लाइनीवर जाते, डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून मागे गेली की २३० चे ११,००० व्होल्ट होतात. आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या मते ती लाइन मेलेली असते. लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच लावून घ्यायला फार खर्च येत नाही. तो नसेल तर एसी जनरेटरलाच थेट, जाड वायरीने जोडावा. सॉकेटमधून घर पेटवण्याचा उद्योग करू नये, हे ठळक अक्षरात छापण्यासारखे आहे.

मग करायचे काय? आमच्या कोरड्या हवेत कूलर दीड-दोनशे वॉटवर काम भागवतो. दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीवर साधा घरगुती इन्व्हर्टर तो पाच-सहा तास ओढतो, पेट्रोल नको आणि धूरही नाही. मृगाच्या आसपास हवा दमट झाली की कूलर निकामी होतो, कोकणात तर तो घेऊच नये, हेही कबूल. घरात आजारी किंवा फार वृद्ध माणूस असेल आणि एसीशिवाय भागत नसेल, तर एकच खोली, पाऊण किंवा एक टनाचा एसी, २६-२७ अंश आणि सोबत पंखा; जनरेटर अंगणात, खिडकीपासून लांब, आणि तो गरम असताना टाकीत पेट्रोल ओतायचे नाही. ज्यांना अंगण नाही त्यांनी जनरेटरचा पैसा बॅटरीत आणि स्लॅबवरच्या चुन्यात घालावा.

पुरवणीत ज्या आकाराचा तो लेख होता त्याच आकारात धुराची आणि उलट्या विजेची सूचना पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. एप्रिल संपत आला आहे. दुकानांत जनरेटर दाराशी मांडून झाले आहेत.

आपला,
एक निवृत्त वीज ठेकेदार, अकोला