वाघ किती हे कळलं, पण त्यात नर किती आणि माद्या किती?

सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात डिसेंबर २०२३ पासून कॅमेऱ्यांनी तीन वाघ टिपले. बातमी आनंदाची होती, पण एक अडचण होती. तिन्ही नर होते. मादीच नसेल तर बछडे होणार कसे? म्हणूनच ताडोबातून वाघिणी आणायचं ठरलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली वाघीण सह्याद्रीत आली.

म्हणजे वाघांचा नुसता आकडा पुरेसा नसतो. त्यात माद्या किती आणि बछडे किती, यावर त्या जंगलाचं भवितव्य ठरतं.

वाघ ओळखतात कसा?

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात. त्यामुळे जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. २०२२ च्या गणनेत देशभरात ३२,५८८ ठिकाणी असे कॅमेरे होते. त्यांनी काढलेल्या ४ कोटी ७० लाखांहून अधिक फोटोंपैकी वाघांचे होते ९७,३९९. त्यातून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखता आले.

नर की मादी?

पूर्ण वाढलेल्या नराचं डोकं मोठं आणि मान जाड असते. मागून किंवा बाजूने काढलेल्या फोटोत वृषण दिसतात. बछड्यांसोबत फिरणारा मोठा वाघ म्हणजे बहुतेक वेळा त्यांची आई.

मग थेट मोजून का चालत नाही?

कारण नराचा इलाखा मोठा असतो. तो जास्त फिरतो आणि जास्त कॅमेऱ्यांसमोर येतो. समजा, एका जंगलात २० नर आणि ४० माद्या आहेत. कॅमेऱ्यांनी ८० टक्के नर टिपले, पण माद्या ५० टक्केच. मग फोटोंत दिसतील १६ नर आणि २० माद्या. प्रत्यक्षात माद्या दुप्पट, पण फोटोंत जवळपास बरोबरी!

ही चूक टाळण्यासाठी कोणता वाघ किती वेळा आणि कुठे-कुठे दिसला, हे पाहतात. त्यावरून नर आणि माद्या कॅमेऱ्यात येण्याची शक्यता वेगवेगळी काढतात. न दिसलेल्या वाघांचा अंदाज त्यातूनच बांधला जातो. म्हणूनच २०२२ मध्ये फोटोंत ३,०८० वाघ असले, तरी देशाचा सरासरी अंदाज ३,६८२ होता. त्यात महाराष्ट्राचे वाघ ४४४.

बछड्यांचं काय?

एक वर्षाखालचे बछडे या आकड्यात धरत नाहीत. ते फारसे फिरत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्यात कमी येतात. शिवाय त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त असतं. त्यांना धरलं, तर आकडा फुगेल आणि वर्षभरात खाली येईल.

ही गणना दर चार वर्षांनी होते आणि २०२६ ची फेरी सहावी आहे. नवा आकडा आला की तो वाढला का, हे सगळेच विचारतील. आपल्या जवळच्या जंगलात बछड्यांसह किती वाघिणी दिसल्या, हेही विचारायला हवं.