चारशेचा हट्ट

विमानातली वीज ४०० हर्ट्झची ठरली ती वजनापायी. फ्रीक्वेन्सी जास्त, तितके ट्रान्सफॉर्मर आणि मोटरमधले लोखंड कमी. घरच्या ५० हर्ट्झवर विमान उडवायचे म्हटले असते तर तो भार प्रवाशांच्या सामानातूनच वजा करावा लागला असता.

पण हा आकडा सांभाळणे महाकठीण. जनरेटर फिरतो इंजिनाच्या जिवावर, आणि उड्डाणावेळी इंजिनाची गती जमिनीवरच्या संथ गतीच्या जवळपास दुप्पट होते. चार ध्रुवांच्या जनरेटरला मात्र ४०० हर्ट्झसाठी मिनिटाला १२,००० फेरेच हवेत. आपल्या ग्रिडवर हजारो अवजड यंत्रे एकमेकांना धरून फिरतात, तरीही ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहताना दमछाक होते. दोन इंजिनांच्या बहुतेक विमानांत तर प्रत्येक जनरेटर आपला भार एकटाच वाहतो.

यावर तोड निघाली ती तेलावर चालणाऱ्या यांत्रिक खोक्याची. आत पंप आणि मोटर. तिरप्या चकतीचा कल बदलला की पिस्टनची चाल कमी-जास्त होते. इंजिन मंदावले तर हे यंत्र फेरे भरून काढते, उसळले तर वजा करते. पुढे जनरेटरही त्याच खोक्यात बसला. ए३२० मध्ये यातले तेल १८५ अंश सेल्सियसच्या वर तापले की कॉकपिटमध्ये दिवा लागतो. मग वैमानिक झाकणाखालचे बटण दाबून खोके इंजिनापासून तोडतो. ते पुन्हा जोडता येते फक्त जमिनीवर, इंजिन बंद करून.

ए३८० आणि बोइंग ७८७ यांनी हे खोकेच काढून टाकले. ७८७ ची वीज ३६० ते ८०० हर्ट्झमध्ये हवी तशी हिंडते. याला ‘सुटसुटीत रचना’ म्हणून नावाजले जाते, आणि नावाजण्यासारखे त्यात आहेही: झिजणारे भाग गेले, तेलाची डोकेदुखी कमी झाली. पण पंपाला, पंख्याला नेमकी गती लागतेच. ती आता मोटरपाशी बसवलेले कन्व्हर्टर देतात, आणि तेही तापतात, त्यांनाही थंड ठेवावे लागते. इंजिनापाशी एका ठिकाणी होणारे काम दहा ठिकाणी वाटले गेले, एवढेच. ए३२०निओ आणि ७३७ मॅक्स आखताना दोन्ही कंपन्यांनी जुने खोके मुकाट्याने कायम ठेवले, ते उगाच नव्हे.