कपाटातला वॉकमन पुन्हा वाजेल का? ‘दुरुस्तीचा हक्क’ नेमका काय आहे?

जालना असो, अंबड असो की मंठा, जुन्या कपाटाच्या वरच्या खणात आजही एखादा वॉकमन सापडू शकतो. सोबत कॅसेटही असतात. कुणाच्या लग्नातली गाणी, कुणाच्या आजोबांच्या आवाजातला हरिपाठ. नवे सेल टाकून बटण दाबलं तर मोटर घरघरते, पण कॅसेट फिरत नाही. मग वॉकमन भंगारात जातो. बऱ्याचदा बिघाड असतो फक्त एका रबरी पट्ट्याचा.

नेमकं बिघडतं काय?

मोटरची गती हा पट्टा चाकांपर्यंत पोहोचवतो. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर वेगाने सरकावी लागते. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर सैल होतं, तुटतं किंवा डांबरासारखं चिकट होतं. पट्टा सैल झाला की गाणं रेंगाळतं, तुटला की थांबतं.

घरी काय करता येतं?

- आधी सेल काढा. प्लसच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने मागचं झाकण उघडा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा, म्हणजे जोडताना गोंधळ होत नाही.
- चिकट झालेलं रबर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा. टेपला टेकणारं हेडही हलक्या हाताने पुसा.
- जुना पट्टा ताणला गेलेला असतो. त्यामुळे नवा किंचित लहान मापाचा घ्या.
- पहिली चाचणी साध्या कॅसेटवर करा. आजोबांचा आवाज असलेली एकुलती एक कॅसेट लगेच टाकू नका. सगळं नीट चाललं की हेडफोनच्या जागी ऑडिओ केबल लावून तो आवाज कॉम्प्युटरवर साठवून ठेवा.

मग आयपॉडचं काय?

१९७९ मध्ये आलेल्या वॉकमनचे सेल किराणा दुकानातही मिळायचे आणि कुणालाही बदलता यायचे. २००१ मध्ये आलेल्या आयपॉडमध्ये लिथियम बॅटरी बंद खोक्याच्या आत होती. अशी बॅटरी काही वर्षांनी दमतेच. २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं. जुना आयपॉड उघडून बॅटरी बदलता येते, पण काम नाजूक आहे. बॅटरी फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. ती जाणकाराकडेच द्या.

म्हणजे वस्तू दुरुस्त होणार की नाही, हे बरंचसं ती बनवतानाच ठरतं.

सरकार काय करतंय?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती एका जागी मिळावी, हा हेतू.

मे २०२५ मध्ये सरकारच्या समितीने ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’चा अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, परवडतात का, यावर तिला गुण द्यायचे आणि ते खरेदीआधीच ग्राहकाला दिसायला हवेत, अशी ही कल्पना. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून सुचवली आहे. फ्रान्सने असे गुण २०२१ पासूनच दाखवायला लावले. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः बदलता याव्या लागतील.

पण माहिती मिळणं वेगळं आणि सुटा भाग हातात पडणं वेगळं. पोर्टलवर फोन नंबर मिळाला, तरी तेवढ्याने पट्टा किंवा बॅटरी मिळत नाही.

जालन्याशी याचा काय संबंध?

जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साधारण ६० किलोमीटर. परतूर, मंठ्याहून तर आणखी लांब. छोट्या दुरुस्तीसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर अख्खा दिवस मोडतो. इथे खरा आधार असतो तो बाजारातल्या दुरुस्तीवाल्याचा. त्याच्याकडे कसब आहे, पण कंपनीचा सुटा भाग आणि सर्किटचा नकाशा त्याच्यापर्यंत पोहोचला नाही तर तोही हात टेकतो. दुरुस्तीचा हक्क त्याच्या टेबलापर्यंत गेला, तरच ग्राहकाला उपयोग.

तोवर नवं ब्लूटूथ स्पीकर किंवा इअरबड्स घेताना दुकानदाराला दोन प्रश्न नक्की विचारा: बॅटरी बदलता येते का? आणि बदलून कुठे मिळेल?