काका, माळ आणि चखणा

गेल्या आषाढीला आमच्या बापूकाकांनी पंढरपूरला माळ घातली. मटण, मासे आणि ग्लास, तिन्ही एकाच दिवशी सुटलं. काकू हरखली, बाबांनीही पाठ थोपटली. पण त्यानंतर काका आमच्या गच्चीवरच्या शनिवारच्या बैठकीला येईनासे झाले. फोन केला तर म्हणाले, "अरे, तिथं येऊन मी काय खारे दाणे चघळत बसू?"

मला ते लागलं. ग्लास बाकीच्यांच्या हातात असायचे, पण गप्पा काकांच्याच. त्यांच्याशिवाय मंडळी नऊ वाजताच जांभया द्यायला लागली!

म्हटलं, चखणाच बदलून बघू. पहिल्यांदा मटण सुक्क्याच्या मसाल्यात सोयाचंक्स केले. काकांनी एक घास घेतला आणि ताटली सरकवली. "मटणासारखंच खायचं असतं तर मटण सोडलं कशाला?"

बरोबरच होतं त्यांचं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, की भाजीला मटणाचं सोंग देऊ नये. सोडलेल्याला ते टोचतं आणि खाणाऱ्याला पुरत नाही. चखण्यात आपल्याला आवडतं काय? कुरकुरीतपणा, मीठ, तिखट, आंबट. यातलं काहीच मटणाच्या मालकीचं नाही.

आता आमच्याकडे तीन गोष्टी होतात. बोंबील जसे दडपून पाणी काढून तळतो, तसे वांग्याचे लांब काप. मीठ लावून वर पाटा ठेवायचा, अर्ध्या तासाने पुसून तिखट-हळद आणि रवा लावून तव्यावर. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे. दुसरे सुरणाचे काप, पण आधी कोकमाच्या पाण्यात ठेवून, नाहीतर घसा खाजतो. आणि तिसरा फ्लॉवर. चिकन लॉलीपॉपला धरायला हाड लागतं, फ्लॉवरचा तुरा स्वतःचा दांडा घेऊनच येतो :)

यात नवीन काही नाही म्हणा. कापं तर कोकणात आज्या-पणज्या करत आल्या. नेल्सन वांग यांनी 1975 साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं असं सांगतात. पुढे चिकनच्या जागी फ्लॉवर आला, आणि आज गाडीवर गोबी मंचुरियन खाणाऱ्या कुणाला चिकनची आठवण तरी येते का?

एक मात्र सांगतो. तवा आणि तेल वेगळं ठेवा. काकांचा खरा अडसर तोच होता, सुरमईच्या तेलात तळलेलं त्यांना चालणार नव्हतं आणि स्वतःहून मागायला संकोच वाटत होता. आपण मात्र "शाकाहारी आहे की!" म्हणून मोकळे होतो. नुसती भाजी ठेवली की आपलं काम संपलं असं नसतं.

असो. परवाच्या शनिवारी काका आले. हातात कोकम सोडा, समोर वांग्याचे काप. दहा मिनिटांत बाबांच्या मित्रांचे हात त्यांच्या ताटलीकडे वळले. काका ओरडले, "अरे, तुमची सुरमई आहे ना तिकडे!"

साडेअकरा वाजले उठायला. पुढच्या वेळी वांगी दुप्पट आणणार आहे.